बारा जणींची सहल

यवतमाळच्या टूरवाल्या राजदीपनं रुखमाबाईसमोर कोकणाचे फोटो मांडले. माड, समुद्र, लाल मातीच्या वाटा, सगळं हिरवंगार.

"किती जणी हाये, मावशी?"

"बारा."

"मंग अख्खी गाडीच करू. मार्चात मस्त वाटते तिकडं."

रुखमाबाई एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. "बायांले झोपाले जागा पक्की रायते काय?"

"हॉटेल हाये ना."

"पानी किती लांबून आनाव लागते?"

राजदीप हसला. "मावशी, खिडकीतून समुद्र दिसते."

"समुद्र काय प्याचा हाये? प्याचं पानी पुसून राह्यली मी. आन साप?"

असं कोणत्याच गिऱ्हाइकानं आजवर विचारलं नव्हतं. पण बारा सीट होत्या, म्हणून त्यानं सगळी उत्तरं नीट दिली आणि पावतीवर बाराचा आकडा टाकायला पेन उचललं.

"बारा नोको लिहू," रुखमाबाई म्हणाली. "सध्या माह्या एकटीचंच कर. याच हप्त्यात जातो न् चार दिवसांत वापस येतो."

"आन बाकीच्या अकरा जणी?"

"माह्या टोळीतल्या हायेत त्या. यंदा बोंडअळीनं वेचाले कापूसच ठेवला नाही. तिकडं मार्चात काजू वेचाले बाया लागते म्हनते." तिनं फोटो गोळा करून त्याच्या हातात दिले. "वावर पाह्यल्याबिगर मी बाया कुठंच नेत नाही."