बर्फातलं लँडिंग

बायको गेल्यापासून निवृत्त विंग कमांडर खुशालरावांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. जेवणही सुटलं होतं. मुलगी रागिणी बोलून, रडून थकली आणि शेवटी तिनं अकोल्याला सुगतकाकांना फोन लावला. खुशालराव आणि सुगत, दोघांनी हवाई दलात वर्षानुवर्षं एकच हेलिकॉप्टर उडवलेलं.

सुगत दुपारीच अमरावतीत येऊन धडकला. भिंतीकडे तोंड करून पडलेला दोस्त पाहूनही सांत्वनाचा शब्द त्यानं काढला नाही. पलंगाशेजारी खुर्ची ओढून तो रागिणीलाच मोठ्यानं सांगू लागला, "काय सांगू पोरी, तिकडे लडाखमंदी बर्फाच्या वादळात सापडलो आमी. तुहा बाप डोये मिटून थरथर कापून राह्यला होता. मंग म्याच उतरवलं हेलिकॉप्टर, एकट्यानं!"

रागिणीला हे नवीनच होतं. ती काही विचारणार, तोच पलंग करकरला. खुशालराव कोपरावर रेलून उठले होते, चेहरा लालबुंद.

"खोटारडा साला! हेलिकॉप्टर म्या उतरवलं, रागिणी. हा तं माह्या मांडीवर ओकून राह्यला होता!"