डासांसाठी गाऱ्हाणं

गुरुदासाने देवळाच्या पायरीवर नारळ ठेवला आणि म्हणाला, "दाजी, डासांका रोग पडांदे, असा गाऱ्हाणा घाला."

दाजी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारे. पावसासाठी, मासळीसाठी, न परतलेल्या होडीसाठी त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं. रोग मागायची पाळी मात्र कधी आली नव्हती.

"खुळावलस काय रे?" ते म्हणाले.

गुरुदास खुळावला नव्हता. हिवतापाने त्याची दोन मुलं नेली होती आणि तिसरी, जानकी, घरी घोंगडीखाली कुडकुडत होती. मलेरियावाले फवारून गेले, डास राहिलेच. आज सकाळी पुण्याहून डासांचा अभ्यास करायला आलेल्या साहेबांनी काथ्यासाठी नारळाची सोडणं कुजवायच्या खड्ड्यातलं पाणी बाटलीत घेऊन त्याला दाखवलं. डासांच्या अळ्या वळवळत होत्या. एकदोन तेवढ्या निळसर चमकत तळाशी सुस्त पडलेल्या. त्यांना विषाणूचा आजार झालाय, साहेब म्हणाले, त्यांना पंख फुटायचे नाहीत.

"मग सगळ्यांका कित्याक होणा नाय?" गुरुदासाने विचारलं.

"हजारात एखादीला होतो. वाढवायचा कसा, ते आम्हालाही कळलेलं नाही."

जे साहेबांना जमत नाही ते देवाला जमेल, एवढं साधं गुरुदासाचं म्हणणं. मुलीच्या बापाने आणखी जावं तरी कुठे?

दाजींनी नारळ उचलला. देवळात होती ती चार माणसं हात जोडून मागे उभी राहिली.

"बा देवा महाराजा, ह्या तुझा लेकरू गुरुदास आज तुझ्या पायाकडे इला हा. तेची राखण कर रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

"तेच्या घरादारात, खड्ड्यापाण्यात जी काय रोगराई, पिडा आसात, ती दूर कर रे महाराजा."

"व्हय महाराजा."

नारळ फुटला. आणि तेव्हा कुठे गुरुदासाच्या ध्यानात आलं.

"दाजी, तुम्ही रोगराई दूर कर म्हटल्यात. खड्ड्यातल्या डासांची पण."

दाजींचा चेहरा उतरला. जन्मभर तेच शब्द म्हणत आलेली जीभ, ती आपल्या वाटेने गेली होती.

"परत घाला," गुरुदास म्हणाला.

"देवाक दिलेलो शब्द परत कसो घेऊ?" दाजी खाली बघत पुटपुटले. "माका तेव्हाच आडवूचा होता रे. सगळ्यांत मोठ्यान 'व्हय' तूच म्हटलस."