किती जवळ, साहेब?

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली सांगलीतल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीची तोंडी परीक्षा होती. ती हुकली की आकारामला रहिमतपूरला परतून विहिरीवर मोटच हाकायची होती. प्राध्यापकांनी गणितातल्या सीमेची, म्हणजे ‘लिमिट’ची, व्याख्या विचारली. इंग्रजी शब्द जुळेनात, तसा तो आपल्या बोलीवर आला. “साहेब, मोट जिथं पाणी वतती त्या थारोळ्याच्या किती जवळ पायजे, तुमी सांगा. मग बैल त्येंच्या वाटंवरच्या खुणेच्या किती जवळ थांबवायचं, मी सांगतो. खुणेच्या मागं का पुढं, ते न्हाई बगायचं. अंतर तेवढं बगायचं.” “वीतभर जवळ?” “सांगतो.” “बोटभर?” “सांगतो.” “केसभर?” “आवं, कितीबी बारीक मागा की!” “व्याख्या अगदी बरोबर आहे,” प्राध्यापक म्हणाले. आकारामचा चेहरा खुलला. “मोटेवरच एवढं शिकलास, मग कॉलेजात जागा कशाला अडवतोस?” असं म्हणून त्यांनी यादीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली आणि पुढच्याला बोलावलं.