लॉर्नाचं कुलूप

आमच्या जुन्या सोर्स कंट्रोलमध्ये, म्हणजे सगळ्यांचा कोड सांभाळणाऱ्या प्रणालीत, कोडची फाइल एकाने घेतली की तिच्यावर त्याच्या नावाचं कुलूप पडायचं. तो सोडेपर्यंत बाकीच्यांनी हात लावायचा नाही. त्यामुळे डलुथच्या आमच्या ऑफिसात दिवसभर पार्टिशनवरून हाका चालायच्या, "अरे, सोड ना."

मुख्य फाइल कायम आमच्यातल्या लॉर्नाकडे. कुणी कुरकुर केली की आमचा साहेब हॅल्वर कौतुकाने म्हणायचा, "काम पुरं झाल्याशिवाय ती सोडते होय?"

माझ्याबद्दल तो असं कधीच बोलला नाही.

हिवाळ्यात लॉर्ना वारली. तरी कुलूप तिच्याच नावाचं राहिलं, हॅल्वरने ते कुणाला काढू दिलं नाही. मेलेल्या बाईवर जळणं शोभत नाही, पण मी जळत होतो.

शेवटी नवी प्रणाली आली. तिच्यात कुलूप हा प्रकारच नाही. बदलाचं काम माझ्याकडे आलं आणि लॉर्नाचं कुलूप मी भर दुपारी, हॅल्वरच्या देखत काढलं. त्या दिवशी डब्यातलं शिळं सँडविचसुद्धा गोड लागलं.

जेवून पाहिलं, तर सगळ्या फाइली मोकळ्या होत्या. मग माणसांची यादी उघडली. माझ्या नावापुढे एक छोटंसं कुलूप होतं.

"ड्वेन. सध्या लॉर्नाकडे."

मी उठायला गेलो. उठता येईना.

सवयीने पार्टिशनकडे तोंड करून मी हळूच म्हणालो, "लॉर्ना, सोड ना."

पलीकडे हॅल्वरने मानही वर केली नाही. कौतुकाने म्हणाला, "काम पुरं झाल्याशिवाय ती सोडते होय?"