हिरवळीला नीलाबाईचा विरोध

नकली हिरवळीचा पहिला गुंडाळा ट्रकमधून उतरला आणि नीलाबाई त्यावर जाऊन बसली.

इनायतने चंद्रपुरात दोन शाळांना, एका मंगल कार्यालयाला आणि एका दवाखान्याच्या गच्चीला अशी हिरवळ बसवून दिली होती. मालावर बाई बसण्याचा प्रसंग पहिलाच. त्याने चर्च कमिटीच्या सेक्रेटरीकडे पाहिलं.

सेक्रेटरी प्रफुल्ल घड्याळ पाहत होता. "बसू द्या. ऊन चढलं की उठेल."

"मोह वेचनाऱ्या बाईले उनाचा भेव दाखवते!" नीलाबाई म्हणाली. "तू बस ना इथी, प्रफुल्ल्या. पाहू कोन आधी उठते."

भांडण मोहाचंच होतं. चामोर्शीच्या अलीकडच्या या गावात सपाट, मोकळी जागा एकच, ती चर्चपुढची. दर उन्हाळ्यात तीसेक घरांचा मोह तिथे वाळायचा. फुलं पसरायची, गुरं हाकलायची, खडे वेचायचे, आणि चार-पाच दिवसांनी भरून न्यायची. त्या वाळल्या मोहावर या घरांचं वर्षाचं मीठ-तेल सुटायचं. ही घरं चर्चची नव्हती, आपल्या गावदेवाची होती. पण फादरांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "मैदान गावाचं आहे. मी कुणाला हाकलणार नाही."

प्रफुल्लला प्रार्थनेच्या वेळी मोहाचा वास सहन होत नसे. हाकलता येत नाही म्हटल्यावर त्याने हिरवळ मागवली.

तसं दोघांचं वैर त्याआधीपासूनचं. नीलाबाईने बोअर पूर्वेला मागितली, म्हणून प्रफुल्लने ती पश्चिमेला घेतली. पाणी लागलं नाही. समाधान मात्र लागलं.

शेवटी फादर स्वतः आले. "बाई, उठा. तुमचं म्हणणं काय ते सांगा."

"पुरं मैदान नोका झाकू," नीलाबाई उठत म्हणाली. "चिचीच्या झाडाकडची सावलीतली बाजू झाका. उनाची बाजू आमच्यासाठी सोडा."

फादरांना ते पटण्याच्या बेतात होतं. तेवढ्यात प्रफुल्ल म्हणाला, "उन्हाची बाजू आधी झाकायची. मग उरलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कमिटीचा ठराव आहे."

ठराव त्याने संध्याकाळी लिहिला.

दुसऱ्या दिवशी इनायतची माणसं जमीन दाबून सपाट करत होती. नीलाबाई पुन्हा हजर.

"जाळी तं नाई ना लावून राह्यले, भाऊ? आमच्या गाई इथूनच जातेत. त्याइनं कुठून जावं?"

इनायतच्या कागदावर जाळी नव्हती. दुपारी ती आली, सहा फुटांची.

मग काळ्या रबरी दाण्यांची पोती उघडली गेली. हे दाणे गवताच्या पात्यांत पसरतात, म्हणजे पाय घसरत नाही. नीलाबाईने मूठभर हातात घेऊन पाहिले आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"हे चांगलं हाय. भरपूर टाका, भाऊ. लेकरं पडतीन तं गुडघे फुटनार नाई. माया नातू बी इथीच खेळते."

"दाणे रद्द," प्रफुल्ल मागून म्हणाला.

"साहेब, दाण्याबिगर हे खेळाच्या कामाचं नाई," इनायत म्हणाला. "नुसतं शोभेचं होईल."

"शोभेचंच हवंय."

"आन एक सांगून ठेवतो. उन्हाळ्यात हे लय तापते."

"तापू द्या," प्रफुल्ल खुशीत म्हणाला. "म्हणजे कुणी येऊन बसणार नाही."

"सैतान हायेस तू!" नीलाबाई ओरडली. इनायतने खालमानेने दाण्यांची पोती ट्रकमध्ये परत भरली.

चौथ्या दिवशी पाटी लागली. चपला, गुरेढोरे, विडी आणि थुंकणे यांना मनाई. नीलाबाईने ती नातवाकडून दोनदा वाचून घेतली.

"हे काय अर्धवट लिवलं? मोह वाळवाले मनाई, असं लिव ना! हिंमत हाय का? लिव, म्हंजे फादरले आनून दाखवतो तुया कारभार."

प्रफुल्ल तिच्याकडे पाहून हसला. तो इतका भोळा नव्हता. मोहाचा शब्दही त्याने पाटीवर येऊ दिला नाही.

पाचव्या दिवशी फीत कापली गेली. प्रफुल्लने दहा मिनिटांचं भाषण केलं आणि त्यात 'स्वच्छता' हा शब्द दर वेळी जाळीबाहेर उभ्या असलेल्या नीलाबाईकडे पाहून उच्चारला. टाळ्या झाल्या. लोक पांगले. फाटकाला कुलूप नको, असं फादरांनी सांगितलं होतं, तेवढंच काय ते नीलाबाईच्या बाजूने झालं.

इनायत हत्यारं आवरत होता. पाच दिवस ही बाई एकटी भांडली आणि प्रत्येक गोष्टीत हरली. त्याला राहवलं नाही.

"माफ करा, बाई. पोटासाठी करा लागते. मी गेल्यावर शिव्या देजा, पन बद्दुआ नोका देऊ."

नीलाबाईने फाटकाशी चपला काढल्या. आत आली, वाकली आणि हिरवळीवर तळहात टेकवला. माघातलं दुपारचं ऊन होतं, तरी तिने हात चटकन उचलला.

"चैतात किती तापन हे?"

"पाय नाई ठेवता येनार."

"मंग मोह एका दिवसात वाळन," नीलाबाई म्हणाली. ती पदराने तोंड पुसत वर आभाळाकडे पाहू लागली. "आता एकच राह्यलं, भाऊ. अवकाळी पान्यासाठी वरून काचेसारखं शेड पाहिजे. उद्या सकाळपासून शेडले विरोध करा लागन."