शिडी नको

दादाचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि ग्रंथपालांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्र लहानसंच होतं. 'शिडी आता बंद. पन्नास वर्षं लोकांची घरं रंगवली, तुझंच तेवढं राहिलं. आता तुझं तूच रंगव. हत्यारं मात्र बघून घे, नाहीतर भिंतभर ब्रशचे केस चिकटतील. जमेल ना रे तुला?'

उत्तराचे चार मसुदे झाले. पहिला फार पुस्तकी वाटला, दुसरा कोरडा. तिसऱ्यात 'दिलगीर' हा शब्द तीनदा आला होता. चौथा अर्ध्यावरच राहिला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून दादाने रंगाचे डबे उचलले, म्हणून धाकट्याला पुस्तकं उचलता आली. अशा भावाला काय लिहायचं? आणि आणखी उशीर केला तर दादा वाट बघणंच सोडून देईल, या भीतीने त्यांची झोप उडाली होती.

शेवटी एका सोमवारी ते रंगाच्या दुकानात गेले. यादी म्हणून त्यांनी कार्डं केली होती, वाचनालयात करत तशी. एका हत्याराला एक कार्ड.

दुकानातल्या बाईंनी ती पत्त्यांसारखी पिसली. "काका, रंग द्यायचाय की परीक्षा?"

"पहिलीच वेळ आहे," ते ओशाळून म्हणाले. "एकच खोली. मागची."

"मग हा ब्रश घ्या. केस ओढून बघा, एक निघाला तर दुकान तुमचं."

त्यांनी ओढून पाहिलं. एकही निघाला नाही. तरी त्यांनी ब्रश खाली ठेवला. "जाड मुठीचा नाही का? बोटांची पकड राहत नाही."

"वयाने होतंच तसं," बाई मायेने म्हणाल्या आणि जाड मुठीचा शोधायला लागल्या. ग्रंथपालांनी पुढचं कार्ड वर काढलं.

"शिडी?"

"शिडी नको."

"मग छताजवळ काय उड्या मारणार?"

"रोलरला लांब दांडा लावतात ना?" त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि दांडा वर उचलला. फळीवरचे डबे खडखडले. एक गिऱ्हाईक डोकं धरून बाजूला झालं.

"काका, दांडा उभं राहून बघतात!"

"मी बसूनच बघतो," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बाईंनी त्यांना खेचून लांब होणारा, हलका दांडा दिला.

दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन मागच्या खोलीचा उंबरा काढून गेला. शेजारचे निवृत्त ड्रायव्हर आवाज ऐकून आले.

"उंबऱ्याने काय घोडं मारलं होतं तुमचं?"

"अडखळायला होतं."

"तीस वर्षं नाही अडखळलात ते!"

बुधवारी ग्रंथपालांनी खोलीत एक साधी लाकडी खुर्ची ठेवली, तिच्यावर बसले आणि लोखंडी पट्टीने भिंत खरवडायला लागले. हात पोहोचेल तेवढी भिंत झाली की बसल्या बसल्याच खुर्ची वीतभर सरकवत. ड्रायव्हर खिडकीत कोपरं टेकून उभे राहिले.

"अहो, रंगकाम काढलंय की सलून? बसून भिंत रंगवणारा पहिलाच माणूस बघतोय. वारा घालू का?"

एवढ्यात पट्टी हातातून निसटून लांब पडली. ग्रंथपाल उठले नाहीत. त्यांनी दांडा पुढे केला आणि बऱ्याच खटपटीने ती ओढून घेतली.

"धन्य आहे!" ड्रायव्हर म्हणाले. "आळसाला पण काही मर्यादा असते."

ग्रंथपाल ओशाळं हसले. खिशातून पट्टीचं कार्ड काढून त्यावर लिहिलं: 'दोरी बांधावी.'

प्रत्येक हत्यार वापरून झालं की ते असंच कार्ड काढत. सँडपेपर: हो. रंगाचा मोठा डबा: नाही. त्यांनी रंग छोट्या डब्यांत ओतून घेतला. ट्रे जमिनीवर: नाही. मग ट्रे स्टुलावर ठेवला आणि कार्डावर लिहिलं: हो.

गुरुवारी त्यांनी दाराशेजारचा एक पट्टा रंगवला, जमिनीपासून वर. खांदे भरून आले. रोलरच्या रेघा उठल्या, दोन ठिकाणी ओघळ आले. छताखाली चार बोटं जागा काही केल्या कोरीच राहत होती. त्यांनी दांडा आणखी एक घर खेचला, मान मागे टाकली आणि रोलर वर सरकवला. तो छताला टेकला.

त्यांनी दांड्याच्या कार्डावर लिहिलं: हो. मग रोलर स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतला आणि सगळी हत्यारं खुर्चीशेजारी नीट लावून ठेवली.

"संपला उत्साह?" ड्रायव्हरांनी खिडकीतून विचारलं. "एक पट्टा, बाकी सगळं तसंच! अहो, वाईट वाटून घेऊ नका. हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे. ओळखीचा रंगारी आहे माझ्या. बोलावू?"

"माझ्याही ओळखीचा आहे एक," ग्रंथपाल म्हणाले.

त्या संध्याकाळी पाचवा मसुदा एका बैठकीत झाला. त्यात 'दिलगीर' एकदाही नव्हतं. सकाळी चहाच्या आधीच, मनात शंका यायच्या आत, त्यांनी पाकीट पेटीत टाकलं. आत एवढंच होतं:

'दादा, नाही जमलं मला. रेघा उठल्यात, बघशील तर शिव्या देशील. पण हत्यारं बघून घेतलीत. सगळी बसून वापरून पाहिली, एकदाही उठलो नाही. ब्रश जाड मुठीचा आहे, तुझ्या बोटांत राहील. रोलर छताला टेकतो. खोली तुझ्यासाठीच आहे, रंगही तूच दे. उंबरा काढून टाकलाय, तुझी चाकांची खुर्ची सरळ आत येईल.'