शिंप्याचं बोट

‘दोनशे अडुसष्ट,’ बंद दारामागून आईचा आवाज आला, आणि लेकीने हातातली पळी ओट्यावर आपटली.

पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन बाबा घरी आले, त्याला आज आठवा दिवस. त्यांना जुना डायबेटीस, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं: रोज सकाळी उपाशीपोटी साखर तपासायची आणि वहीत लिहायची. आठव्या दिवशी दाखवायला यायचं, आणि साखर आटोक्यात नसेल, तर तेव्हाच पुन्हा दाखल व्हायचं आणि दिवसातून तीनदा इन्शुलिन टोचून घ्यायचं. हे ऐकल्यापासून बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शिंप्याच्या धंद्यात त्यांनी चाळीस वर्षं सुया चालवल्या, पण कापडावर. ‘सुई माझ्या हातात शोभते, अंगात नाही,’ असं ते म्हणत. साखर तपासतानासुद्धा त्यांना एकांत लागायचा. खोलीत फक्त आई, आणि दार बंद.

लेक शाळेत शिकवायची. परीक्षेत कॉपी पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रजा काढून माहेरी आल्यापासून तिने इथेही तोच कारभार चालवला होता. साखरेचा डबा कपाटात बंद, किल्ली तिच्याकडे. आईबाबांना सारखंच मोजून जेवण. बाबांची उशी, शिलाई मशीनचा खण, बटणांची बरणी, सगळं तिने उलटंपालटं केलं. बरणीत बटणंच निघाली.

‘बाबा, खरं सांगा, कुठे लपवलंय?’

‘अगं, आठ दिवसांत गोडाचा वाससुद्धा घेतला नाही मी.’

‘मग पाण्याचा जग मला चारचारदा का भरावा लागतो? एवढी तहान साखरेनेच लागते.’

‘पुरे आता,’ आई रिकामा पेला खाली ठेवत म्हणाली. ‘उपाशीपोटीच बोलावलंय, उशीर नको.’ जिना उतरतानाच तिला धाप लागली. आई हल्ली फार दमायची. लेकीने त्याचंही खापर बाबांच्याच डोक्यावर फोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी काढून पाहिली. ‘जखम तर झकास भरलीय,’ ते म्हणाले. मग त्यांनी वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. ‘दाखल करण्याआधी मी स्वतः एकदा बघतो.’

बाबांना सबब सुचायच्या आत त्यांचं बोट डॉक्टरांच्या हातात होतं. त्यांनी डोळे गच्च मिटले आणि दुसऱ्या हाताने आईचा पदर धरला.

‘एकशे अठरा.’

लेकीने लगेच पर्समधून घरचं मशीन काढलं. हेच बिघडलं असणार. पुन्हा बोट, पुन्हा टोचणं. एकशे एकवीस.

‘मशीन ठणठणीत आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘मग वहीतली साखर कुणाची?’

बाबा छताकडे बघू लागले. आईने हळूच मूठ उघडली. तिच्या बोटांच्या टोकांवर बारीक लाल ठिपके होते.

‘हे फार घाबरतात हो,’ ती म्हणाली. ‘जेवण दोघांचं अगदी एकच. म्हटलं, साखर काय वेगळी निघणार?’

वर्गच्या वर्ग धाकात ठेवणारी लेक मटकन खुर्चीत बसली. आठ दिवस तिच्या नाकासमोर कॉपी चालली होती. डॉक्टर खो खो हसले. मग त्यांचं लक्ष पुन्हा वहीवर गेलं आणि हसू थांबलं.

‘तहान फार लागते का तुम्हाला? थकवा येतो?’

आईने मान डोलावली. लेकीला सकाळचा तो रिकामा पेला आठवला, आणि स्वतःची लाज वाटली.

‘तुमच्या सगळ्या तपासण्या करू. पण बहुतेक रोज इन्शुलिन घ्यावं लागेल.’

‘कुठे टोचतात ते?’

‘पोटाला.’

आईचा चेहरा पांढराफटक पडला. आठ दिवस हूं की चूं न करता बोटं पुढे करणारी आई पहिल्यांदाच घाबरली होती.

बाबांनी तिचा पदर सोडला. शर्टाची खालची दोन बटणं काढली आणि ते डॉक्टरांपुढे उभे राहिले.

‘कसं टोचायचं ते मला शिकवा. आधी रिकामी सुई माझ्या पोटाला टोचून दाखवा. हिला किती दुखेल, ते मला कळायला हवं.’